वेंगुर्ला रोडनं थेट समुद्रापर्यंत सायकल: किनाऱ्यावरचा दिवस कसा बसवू?

हिंडलग्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावजवळ हिंडलग्यात, शाळेत असल्यापासनं पत्त्यात ‘वेंगुर्ला रोड’ लिहीत आलोय, पण या रोडनं वेंगुर्ल्याला सायकलवरनं कधी गेलो नाही. जानेवारीत ३ दिवस सुट्टी मिळालीय. पहिल्या दिवशी आंबोली उतरून सावंतवाडी, दुसऱ्या दिवशी अख्खा किनारा म्हणजे तेरेखोलपासनं मालवण आणि आजूबाजूचं धरून १२० किमी, तिसऱ्या दिवशी परत. गिअरची साधी हायब्रीड सायकल आहे, कित्तूरला जाऊन एका दिवसात परत आलोय त्यामुळं दम आहे असं वाटतंय. किनाऱ्याचा रस्ता सपाटच असणार ना? कोणी केलंय का हे?

संकेश्वरकर:
भावा, पहिल्यांदा ते सपाट डोक्यातनं काढ. तिथं वाडी खाली खाडीकाठी असते आणि दोन वाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा (उंचावरचा खडकाळ माळ), म्हणजे खाडीचा पूल ओलांडला की चढ, वर सड्यावर ऊन, परत उतार, परत पूल, दिवसभर हेच. एकही चढ आंबोलीएवढा नाही पण सगळे मिळून पाय मोडून ठेवतात. आपल्या पठारावरच्या १०० किमीला तिथले ७० धर.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, दिशा उलटी कर. हिवाळ्यात तिथं सकाळी वारा जवळपास नसतो, मग जमीन तापली की साधारण ११ नंतर समुद्रावरनं वारा सुटतो आणि तो बहुतेक वायव्येचा. तू तेरेखोलकडनं मालवणला निघालास तर दुपारभर तो तोंडावर. मालवणहून खाली आलास तर तोच पाठीशी. म्हणून पहिल्या दिवशी सावंतवाडीला न थांबता कुडाळपर्यंत जा, जमलं तर मालवणच गाठ (बेळगावहून १४० च्या आसपास).

मग मालवण, कर्लीचा पूल, परुळे, म्हापण, केळूस, दाभोली, वेंगुर्ला, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल. ७५ च्या आसपास भरेल, तेवढं बास. तारकर्ली-देवबाग बघायचं तर आदल्या संध्याकाळी बघ, तो रस्ता पुढं संपतो, एका बाजूला समुद्र दुसरीकडं कर्ली नदी, आल्या वाटेनं परतच यावं लागतं.

आणि आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाला दोन मिनिटं थांब. आमच्या गावातनं जाणारं पाणी तिथनं निघतं, मी दर वेळी बाटली तिथंच भरतो.

शहापूरची_सायकल:
वरच्या दादांचं वाऱ्याचं अगदी खरं आहे. मी दोन वर्षांपूर्वी एकटीनं केला हा पट्टा, तेव्हा मालवणातनं निघायलाच ९ वाजले आणि म्हापणच्या चढावर मांडीत असा गोळा आला की सायकल टाकून रस्त्यातच बसले. पाणी भरपूर पीत होते तरीही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळून जातो, तिथं दमट हवेत वाळतच नाही, नुसता गळत राहतो आणि त्याच्याबरोबर मीठ जातं. शेजारच्या घरातल्या काकूंनी बघितलं, आत बोलवून पेज आणि लोणचं दिलं, अर्ध्या तासात उभी राहिले. त्यांना द्यायला माझ्याकडं बेळगावचा कुंदा होता म्हणून बरं वाटलं. तूही अर्धा किलो बॅगेत टाक. आणि उजाडायच्या आधी निघ, कोकम सरबत दिसेल तिथं मीठ जास्त घालून घे.

आरवलीला वेतोबाच्या देवळात जरूर जा, नवसाचे केळ्याचे घड आणि देवासाठी वाहिलेल्या भल्या मोठ्या चपला बघून मी कितीतरी वेळ तिथंच थांबले होते. शिरोड्याच्या मिठागरांपाशीही थांब, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथं झाला.

खानापूर_गॅरेज:
सायकलीचं सांगतो. आंबोली उतरताना ब्रेक दाबून धरू नकोस, रिम तापून ट्यूब फुटते. दाबायचा, सोडायचा, मागचा-पुढचा आलटून पालटून, आणि मधे थांबून रिमला हात लावून बघायचं. निघायच्या आधी ब्रेकचे रबर नवीन टाक. वाळूत सायकल अजिबात नेऊ नको. संध्याकाळी गोड्या पाण्याचं फडकं फिरवून चेनला तेल, नाहीतर खाऱ्या हवेनं दोन दिवसांत तांबूस होते.

परतीसाठी तेरेखोलहून गोव्यातल्या केरीला फेरीबोट आहे, सायकल चढते, वेळा आदल्या दिवशी विचारून घे. पुढं साखळीवरनं चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटी, बेळगाव. पण सलग तिसऱ्या दिवशी तो घाट तुला जड जाईल असं मला वाटतं. बेळगावातनं गोव्याला भाजी घेऊन जाणारे पिकअप रिकामे परततात, ओळखीचा असला तर आधीच बोलून ठेव. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी उतर, तिथनं घरापर्यंत सायकल मार.

हिंडलग्याचा_पोरगा:
खूप आभार सगळ्यांचे. दिशा उलटी केली. मामांचा पिकअप आठवड्यातनं चारदा म्हापशाला जातोय, आजच विचारतो. ताई, कुंदा अर्धा नाही एक किलो घेतो, म्हापणच्या त्या काकूंचं घर चढाच्या डाव्या हाताला की उजव्या तेवढं सांगा.

शहापूरची_सायकल:
वेंगुर्ल्याकडं जाताना डाव्या हाताला, दारात मोठा फणस आहे. बेळगावची सायकलवाली म्हणून सांग, ओळखतील.