अपघातानंतरचे कागद, कोर्ट आणि आपण : तुमचे अनुभव

केतकीबन

रविवारी माळा आवरायला काढला. पितळी डबे, मोडका स्टोव्ह आणि त्यामागे एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट. उजेडाकडे धरलं तर यांच्या मांडीतली सळई तशीच पांढरीफेक. आवरणं तिथंच राहिलं.

२०११ चा जानेवारी, उसाचा हंगाम. फलटणहून बारामतीला येताना रात्री रस्त्यात ट्रॉली उभी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना लाल फडकं. मोटारसायकल थेट ट्रॉलीखाली. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय विचारावं? "गाडी कुठंय?"

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीमालकाची माणसं दवाखान्यात हजर. सोबत आमच्याच ओळखीचे एक काका, म्हणजे बोलायची चोरी. वीस हजार रुपये आणि टाइप केलेला कागद, 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' "वहिनी, कोर्टाची पायरी चढून कुणाचं भलं झालंय?" पेन हातात घेतलं होतं मी, खोटं कशाला सांगू. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेनं चहाच्या निमित्तानं मला बाहेर काढलं. म्हणाली, ताई, सही करू नका, आधी एमएलसी झालीय का बघा. मला एमएलसी म्हणजे विधान परिषदेचा आमदार एवढंच माहीत! ती म्हणत होती ती मेडिको-लीगल केस, म्हणजे अपघाताची दवाखान्यात पोलिसांसाठी होणारी नोंद.

पुढे फिर्याद, पंचनामा, दावा. ट्रॅक्टरला विमा होता, ट्रॉलीला नव्हता, त्यावरच दोन वर्षं गेली. २०१६ ला लोकअदालतीत मिटलं. त्या पाच वर्षांत रोज नवा प्रश्न पडायचा आणि विचारायला माणूस नसायचं. तुमच्याकडे कसं झालं? लिहा, जमेल तसं.

रिकामटेकडा

आमदार!!! ऑफिसात मोठ्यानं हसलो, साहेब बघताहेत.

संत्रानगरी

बाबा ट्रक चालवायचे. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावर अपंगत्व ६० टक्के. विमा कंपनीचा वकील म्हणे, मग कमाई पण ६० टक्केच बुडाली ना. आमच्या वकिलानं सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल ठेवला. शरीर किती टक्के गेलं हे एक, आणि त्या माणसाचं काम किती गेलं हे दुसरं. पाय ६० टक्के गेला असेल बाप्पा, पण ड्रायव्हर तर पूर्णच गेला नं. अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणानं १०० टक्के धरलं.

हिशोब असा झाला. महिना १२ हजार, गुणिले १२, गुणिले १४. वय ४१ ते ४५ असेल तर गुणक १४, हे कोष्टक २००९ च्या सरला वर्मा निकालातलं. झाले २० लाख १६ हजार. दवाखाना, वेदना, नकली पाय वेगळे. मालक पगार रोखीनं द्यायचा, त्यामुळे ते १२ हजार सिद्ध करतानाच दम निघाला. डायरीतल्या भाड्याच्या नोंदी कामी आल्या. बाबांचं अक्षर कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा ते खाली मान घालून बसले होते.

पंचगंगा

ट्रॉलीचं नाव काढू नका. आमच्याकडं हंगामात रात्री गाडी चालवायची म्हणजे देवाचं नाव घेऊनच. दोन दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणी फुल्ल, मागं काळोख. रिफ्लेक्टर लावा म्हटलं की "लावतो की" म्हणतात, तेवढंच.

चिमणीपाखरं

माझ्या आईचा अनुभव. स्कूटरनं उडवलं, खुबा मोडला. विमावाल्यानं विचारलं, मावशी काय करता? आई म्हणाली, काही नाही, घरीच असते. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणारी बाई "काही नाही" म्हणते! गृहिणीच्या कामाचीही कमाई धरायची असते, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये कीर्तीच्या खटल्यात नीट लिहिलंय ते. नंतर स्वयंपाकाला बाई लावली होती, तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या. आईला त्या बाईची भाजी कधीच आवडली नाही, तो वेगळा विषय.

खडूफळा

@केतकीबन सळई काढली का नंतर? माझ्या मिस्टरांची डॉक्टर काढू म्हणतात, घरचे राहू दे म्हणतात.

केतकीबन

नाही काढली. पावसाच्या आधी दुखते. हवामान खात्याच्या आधी आम्हाला कळतं.

तारीखपेतारीख

कोर्टात कारकून होतो, आता निवृत्त. थोडं लिहितो, कारण लोक इथंच चुकतात.

दावा अपघात झाला तिथंच लावावा लागतो असं नाही. तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. अपघात सोलापूरला झाला म्हणून ठाण्याची माणसं कुबड्या घेऊन तारखांना सोलापूरला जाताना पाहिलीत.

मुदत. पूर्वी नव्हती, लोक सावकाश यायचे. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिने आलेत. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलंय की उशीर झाला म्हणून दावे तूर्त फेटाळू नका. पण त्या भरवशावर बसू नका हो.

"मिळेल त्यात २० टक्के माझे" म्हणणारा वकील भेटला तर उठून या. आपल्याकडे वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. आणि कोऱ्या वकालतनाम्याबरोबर कोऱ्या चेकवर सही? मुळीच नाही.

लोकअदालतीत मिटलं की अपील नाही. सहीच्या आधी आकडा नीट ऐका.

एडिसनकर

गंमत आहे, इथे न्यू जर्सीत बरोबर उलटं. वकील एक तृतीयांश घेतो आणि ते कायदेशीर. जिंकला नाही तर फी नाही. मला मागून ठोकलं होतं, मणका. दवाखान्याचं बिल आधी माझ्याच गाडीच्या विम्यातून गेलं, चूक समोरच्याची असूनही. मी फोनवर भांडत होतो, "अहो पण धडक त्यानं दिली!" दावा लावायला दोन वर्षं. घरी आईला सांगितलंच नाही, व्हिडिओ कॉलला गळपट्टा काढून बसायचो. तिनं ओळखलंच, "मान का वाकडी धरलीस?"

खडूफळा

आई त्या आईच.

भंडाऱ्याचा वारा

आमच्याकडे गाडीच सापडली नाही. धाकट्या भावाला पहाटे उडवलं, नंबर कुणी पाहिला नाही. सगळे म्हणाले, मग काही मिळत नाही. मिळतं. पळून गेलेल्या गाडीसाठी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख आहेत, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे. ५० हजारात एक ऑपरेशनही होत नाही, पण मिळाले. सात महिने हेलपाटे. तिथल्या शिपायाला माझं नाव पाठ झालं होतं.

वऱ्हाडी मी

मामेबहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतून. तोच टेम्पो ज्यातून आदल्या दिवशी सिमेंट आणलं. पलटी. नऊ जण जखमी, माझी कवटी फुटली, आजी गेली. विमा कंपनी म्हणाली, ही मालवाहू गाडी, फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी आमची नाही. आणि कायद्यानं त्यांचं बरोबर निघालं. सगळं टेम्पोमालकावर आलं. तो आमचाच लांबचा भाचा. कोण वसूल करणार?

अजून लग्नाला जाताना मी आधी गाडी बघते. लोक हसतात.

चिमणीपाखरं

ताई, काय लिहू. आजीसाठी वाईट वाटलं.

पुणेरी पगडी

मेडिक्लेमनं बिल भरलंय, आता दाव्यात मागता येत नाही, असं समजून मी पावत्या रद्दीत दिल्या. मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून कापायचे नाहीत. माझी रद्दी गेली डिसेंबरात. किलोला चौदा रुपये मिळाले.

पंचगंगा

पुण्यात चौदा? आमच्याकडं बारा.

रिकामटेकडा

खड्ड्यात पडलं तर कुणावर दावा? बायको विचारतेय, गुडघा फुटलाय. खरंच.

तारीखपेतारीख

ऑक्टोबर २०२५ चा उच्च न्यायालयाचा आदेश आहे. खड्ड्यामुळे जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख, मृत्यू झाल्यास ६ लाख. खड्ड्याचा फोटो आजच काढा, उद्या बुजवतील. पोलिसांत नोंद आणि दवाखान्याचा कागद पाहिजेच.

रिकामटेकडा

उद्या बुजवतील हे वाचून बायको गुडघा धरून हसतेय.

केतकीबन

त्या सुनेचं नावही विचारलं नव्हतं मी. आजींना सुट्टी मिळाली त्या दिवशी आम्ही एक्स-रेला गेलो होतो, परत आलो तर खाट रिकामी. उशाशी वर्तमानपत्रात बांधून दोन मोसंबी ठेवली होती.

खडूफळा

दूध उतू गेलं वाचता वाचता. येते.