बाबांचं पित्त की हार्ट?

गोवंडीकर: बाबा ५२ वर्षांचे, हमाली करतात. तीन दिवस झाले, जिना चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो. बसले की थांबतं. म्हणतात पित्त आहे. खाडा केला तर हजेरी बुडते. तंबाखूच्या दिवसाला दोन पुड्या. काय करू?

नर्सताई: चढताना दुखतं, बसल्यावर थांबतं, याला पित्त समजू नका. आजच राजावाडी नाहीतर सायन हॉस्पिटलला न्या. ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी, रक्ततपासणी विचारा. बसूनही दुखलं, घाम सुटला तर थेट १०८.

रिक्षावाला: माझ्या भावाला आम्ही रात्रभर सोडा पाजत बसलो. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. हजेरीचं काय घेऊन बसलात!

गोवंडीकर: निघालो. बाबा कुरकुरतायत. पुडी माझ्या खिशात आहे.