अनुभव धागा: सकाळी वाशीत खरेदी, दुपारी बिअर महोत्सव. दिवस कसा आखावा?

सकाळी बाजार आणि दुपारी बिअर महोत्सव असा बेत बहुतेकांचा सामानापायी फिसकटतो. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हे नेहमी जमवणाऱ्यांनी नेमकं लिहावं. स्वतःचे किस्से नकोत, दुसऱ्याच्या कामी येईल तेवढंच हवं.

वाशीकरीण
दिवस शनिवारचा धरा. रविवारी बाजार समितीतले घाऊक गाळे बंद असतात. शिवाय त्या दिवशी ट्रान्सहार्बरवर (ठाणे-वाशी लोकल मार्गावर) मेगाब्लॉक लागला, तर ठाण्याहून येणाऱ्यांचे हाल होतात.

मसाला मार्केट सकाळीच उरका. बेडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी. मिरची कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळलं की ती नीट वाळलेली आहे. दमट मिरची वजनाला भरते आणि डब्यात आठवड्यात बुरशी धरते. देठाजवळ मोडून आत पांढरट-काळी बुरशी नाही ना, तेही बघा. वरून लालबुंद दिसणारा माल आतून खराब निघू शकतो. धने, खोबरं, मिरची मिळून चार-पाच किलोच्या वर जाऊ नका, कारण पुढे उभं राहायचं आहे.

मिरची हाताळल्यावर हाताचं तिखट नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी थोडं तेल चोळा, मग साबणाने दोनदा धुवा. तेलाचा अंश राहिला तर पुढे बिअरचा फेस बसतो, म्हणून दुसऱ्यांदा साबण लावायला चुकू नका.

नेरूळचा
सामान घेऊन महोत्सवाच्या गेटवर जाऊच नका. विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, लायटर, अत्तराची बाटली, बाहेरचं खाणं, सीलबंद पाणी हे सगळं तिथे अडतं. नवी सुरी खोक्यात असली तरी तपासनीस आत सोडत नाहीत. वाशी-नेरूळमध्ये कुणी नातलग असेल तर दुपारी पिशव्या त्यांच्याकडे टाका, नाहीतर घरी सोडून या. मासळी, दूध, मिठाई त्या दिवशी नकोच. मॉलच्या बॅग काउंटरचा आधार धरू नका, ती सोय तुम्ही मॉलमध्ये असेपर्यंतचीच.

घोडबंदरवासी
बिअरचं सांगतो, कारण इथेच जास्त चुकतं. पोटात काहीतरी हवं, पण झणझणीत मिसळ खाऊन लगेच जाऊ नका, जीभ बधिर होते. पोळी-भाजी, दहीभात उत्तम.

फिकीपासून गडदकडे जा: आधी लागर (हलकी, फिकी), मग गव्हाची, मग आयपीए (कडवट), शेवटी स्टाउट (काळी). उलटं केलं तर आयपीएच्या कडवटपणानंतर गव्हाची बिअर पाणचट लागते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्या-लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, त्यात कुणी केळं घालत नाही. बेल्जियन विटमध्ये (तिकडच्या गव्हाच्या बिअरमध्ये) मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते. सकाळी धने घेतलेत, तो वास ओळखून बघा.

टेस्टर (चाखण्यापुरता छोटा ग्लास) मिळत असेल तर तोच घ्या. पहिला ग्लास नुसता फेसाचा आला तर बिअर खराब आहे असं नाही. उन्हात तापलेल्या नळीतली बिअर फेसाळते, दोन-तीन ग्लासांनंतर नळी थंड होते. मधूनच नळ फुरफुरायला लागला तर केग (बिअरचं पिंप) संपत आलेला असतो, तो ग्लास बदलून मागा. फेस लगेच विरला तर ग्लासाची कड बघा. तेलकट चखण्याचा हात किंवा लिपस्टिक लागली की तो टिकत नाही. म्हणून चकली डाव्या हाताने खा.

हिशोब असा: ५ टक्क्यांच्या ३३० मिलीमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल, ८ टक्क्यांच्या ६५० मिलीमध्ये ४१ ग्रॅम. म्हणजे कडक बिअरची एक बाटली तीन साध्या पिंटांएवढी (३३० मिलीच्या). शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटवतं. लिंबूपाणी, कॉफी प्यायल्याने ते लवकर उतरत नाही. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या.

नौपाडाकर
वाइन आणि माइल्ड बिअरला वय २१, त्याहून कडक मद्याला २५. ओळखपत्र जवळ ठेवा. पिण्याचा परवाना महाराष्ट्रात लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, तेव्हा तारीख आधी बघा.

गाडी घरीच. चालवणाऱ्याला १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठाण्याला परतणाऱ्यांनी वाशीहून ट्रान्सहार्बरची लोकल धरा, अर्ध्या तासात पोचाल. कूपनचे उरलेले पैसे परत मिळत असतील तर महोत्सव संपायच्या तासभर आधीच घ्या, शेवटच्या वीस मिनिटांत रांग हलत नाही. सामान दुसऱ्या दिवशी सकाळी उचला.

वाशीकरीण
एक राहिलंच. मिरची त्या रात्री पिशवीत गुंडाळून ठेवू नका, सामान जिथे टाकाल तिथेच परातीत पसरून ठेवा. बंद पिशवीत एका रात्रीत ओल धरते.