समोरच्याने फोन ठेवला तरी एफएक्सओ गेटवेचं पोर्ट सुटत नाही

चौथी_लाइन

मंडळी, आमच्या ऑफिसात आयटी म्हणजे मी. मूळ काम हिशेबाचं, पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिला आणि तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात.

चार जुन्या लँडलाइन चार पोर्टांच्या एफएक्सओ गेटवेत (जुन्या लाइनचे कॉल नेटवर्कवर आणणारी पेटी) घातल्यात, गेटवे एसआयपी ट्रंकने (नेटवर्कवरून कॉल नेणारी जोडणी) फ्रीपीबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडलाय. इथवर यायला एक अख्खा रविवार गेला. बाहेर फोन लागायचा, पण आत येणारा प्रत्येक कॉल ४०१ ('आधी ओळख पटवा') खाऊन परत. ट्रंकला गेटवेचा आयपीच ओळखीचा नव्हता. तो पीजेसिपच्या (फ्रीपीबीएक्समधला एसआयपी सांभाळणारा भाग) 'मॅच' रकान्यात भरला, गेटवेत प्रत्येक पोर्टला ठरावीक नंबर दिला, तेव्हा कुठे रिसेप्शनचा फोन वाजला.

आता नवं दुखणं. आपण फोन ठेवला तर पोर्टचा दिवा लगेच विझतो. बाहेरच्याने ठेवला तर नाही. त्यातून कॉल व्हॉइसमेलवर गेलेला असला तर संपलंच. सकाळी एक दिवा अडकतो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारही, मग बाहेरून लावणाऱ्याला नुसतं एंगेज. गेटवे बंद-चालू केला की सुटतं. काल व्हॉइसमेलमध्ये ३८ मिनिटांचा निरोप सापडला. "नंतर करतो" एवढं बोलून पुढे टूं... टूं... टूं. साहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मध्ये कुणी बोलेल म्हणून.

आरटीपी टाइमआउट ३० सेकंद लावून पाहिला. फरक शून्य.

तांब्याची_तार

आरटीपी टाइमआउटने काही होणार नाही. आरटीपी म्हणजे कॉलचा आवाज वाहणारी पॅकेट; ती यायची थांबली तर तो कॉल तोडतो. तुमचा गेटवे तर तो एंगेज टोनसुद्धा इमानेइतबारे आवाज म्हणून पाठवतोय. फ्रीपीबीएक्सच्या दृष्टीने पलीकडे कुणीतरी बोलतंय, फक्त त्याचं बोलणं जरा एकसुरी आहे.

एसआयपीत 'बाय' नावाचा स्पष्ट निरोप असतो, साध्या तांब्याच्या जोडीवर तसं काही नसतं. एक्स्चेंज एकतर लाइनचा करंट क्षणभर तोडतं, नाहीतर पोलॅरिटी (तारांचं अधिक-उणे) उलटवतं, नाहीतर नुसता टोन वाजवतं. तुमच्याकडे टोन आहे, तो गेटवेला कानाने ओळखावा लागतो. अनेक गेटवे अमेरिकेच्या टोनवर बेतलेले येतात: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता. तुमच्या लाइनवर दुसराच टोन असेल तर तो ओळखणार कसा?

आणि ते ३८ मिनिटांचं रेकॉर्डिंग पुसू नका! ऑडॅसिटीत (आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) उघडा. दोन टूंमधलं अंतर सरळ पट्टीवर मोजता येतं. एक टूं निवडून स्पेक्ट्रम काढा, शिखर जिथे येईल ती फ्रिक्वेन्सी. हे आकडे गेटवेच्या बिझी टोनच्या रकान्यात घाला.

खुंटी

एवढी उठाठेव कशाला? टेलिफोन कंपनीला लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल द्यायला सांगा. मिळालंय का ते मल्टिमीटरने कळतं. लाइनवर साधा फोन लावून आपल्याच मोबाइलला कॉल करा. मोबाइल उचलताच मीटरवर अधिकचं उणे झालं पाहिजे.

तांब्याची_तार

@खुंटी, चाचणी बरोबर, पण ती झाली जाणाऱ्या कॉलची. रिव्हर्सल बहुतेक वेळा तिथेच मिळतं. ह्यांचं रडगाणं येणाऱ्या कॉलचं आहे. मिळत असेल तर जरूर घ्या, समोरच्याने नेमका कधी उचलला ते तरी कळेल. टोनचं काम टळत नाही.

शिवाय व्हॉइसमेलला कमाल वेळ घाला, १८० सेकंद पुष्कळ. गेटवेत शांतता ओळखून कॉल तोडायचीही सोय असते. ती लावायचीच तर वेळ सढळ ठेवा, नाहीतर कुणी फाइल शोधायला गप्प बसला की फोन कट.

चौथी_लाइन

झालं! शिखर ४०० हर्ट्झच्या आसपास आलं, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. गेटवेत खरंच ४८० आणि ६२० भरलेलं होतं.

आधी दोनच आवर्तनांवर (एक टूं आणि पुढची शांतता मिळून एक) तोडायला सांगितलं, तर दुपारी एक चालू कॉल तुटला. पलीकडे मागे काहीतरी पीं-पीं करत होतं म्हणे. मग चार आवर्तनं केली. आज संध्याकाळपर्यंत एकही दिवा अडकलेला नाही. मी दर तासाला जाऊन पाहतोय, रिसेप्शनवाल्या ताई हसतायत.

चार आवर्तनं म्हणजे सहा सेकंद, त्यामुळे प्रत्येक निरोपाच्या शेपटीला थोडं टूं-टूं राहतं. साहेबांना सांगून ठेवलंय, ते सुरू झालं की पुढे कुणी बोलणार नाही.