अनुभव धागा: रीबूटनंतर सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) उठली नाही, हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं?

धागाकर्ता: मला कॅशियर ताईंनी सांगितलं. एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघतो. रात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून रीबूट केला, पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जागं आहे, म्हणून झोपलो. सकाळी फोन: "दादा, पासबुक छापेना, बाहेर रांग लागलीये." डेटाच्या डिस्कला एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, त्या यादीत) 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) होतं, त्यामुळे बूट तिच्यासाठी थांबलंच नाही. डिस्क माउंट व्हायच्या, म्हणजे जोडली जायच्या, आधी डेटाबेस सुरू व्हायला गेला आणि पडला. डेटाबेसच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी सुरू करायची ते लिहिलेली फाइल) 'रिक्वायर्समाउंट्सफॉर'ची (आधी डिस्क जोड, मग सुरू हो) एक ओळ घालून ते सुटलं. पण रात्रभर मशीनला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे फार लागलं. 'सिस्टमसीटीएल इज-सिस्टम-रनिंग' (सगळं नीट चालू आहे का, हे विचारणारी कमांड) म्हटल्यावर लगेच उत्तर आलं, 'डिग्रेडेड', म्हणजे काहीतरी पडलंय. विचारलं कोणी नव्हतं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

रातपाळी: मी प्रत्येक सर्व्हिसला 'ऑनफेल्युअर' (सर्व्हिस पडली की ठरलेलं काम चालवणारी ओळ) लावून मेल पाठवत होतो. एकदा मेल पाठवणारं पोस्टफिक्सच उठलं नाही. मेल जाणार कुठून? आता उलट केलंय. बूट झाल्यावर मशीन दुसऱ्या सर्व्हरला "सगळं सुरू" असा निरोप धाडतं. १० मिनिटांत तो आला नाही, तर तो दुसरा सर्व्हर मला फोन लावतो.

नांदेडकर: 'रीस्टार्ट=ऑलवेज' (थांबली की पुन्हा सुरू कर) असेल तर जपा. सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मुळात १० सेकंदांत ५ प्रयत्न मोजतं, त्यापुढे सर्व्हिस 'फेल्ड' ठरते. मी दोन प्रयत्नांमध्ये १५ सेकंद ठेवले होते. मर्यादा कधी गाठलीच जाईना, त्यामुळे ऑनफेल्युअरही चालेना. सर्व्हिस दोन दिवस पडत-उठत राहिली आणि 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'ची, म्हणजे पडलेल्या सर्व्हिसची, यादी कोरी. मोजायचा काळ ५ मिनिटांवर नेला, तेव्हा कुठे पहिला अलर्ट आला.

विंडोजवाला: आमच्याकडे सर्व्हिस सुरू झाली नाही की सिस्टम लॉगमध्ये ७००० क्रमांकाची नोंद पडते. टास्क शेड्युलरमध्ये त्या नोंदीवर आपोआप चालणारा टास्क बांधलाय.

मावशीचा भाचा: आमच्या मशीनवर प्रिंटरची एक निरुपयोगी सर्व्हिस दर बूटला पडायची. रोज डिग्रेडेड, म्हणून कोणी बघेना. त्यातच एकदा बॅकअपचा टायमरही पडला आणि आठवडाभर बॅकअप नाही. प्रिंटरची सर्व्हिस 'मास्क' केली, म्हणजे ती आता सुरूच होत नाही. हे आधीच करायला हवं होतं.

धागाकर्ता: @रातपाळी, तुमची निरोपाची पद्धत आज लावली. शनिवारी पतसंस्था बंद झाली की डेटाबेसची युनिट फाइल मुद्दाम बिघडवून रीबूट करतो. फोन वाजला तर इथे लिहीन, नाही वाजला तरी लिहीन.