आईबाप अजून ऊसतोडीला जातात, एवढं राबून हाती काय येतं?

बीडच्या धारूर तालुक्यातला आहे, आता चाकणला कंपनीत. आईबाप २२ वर्षं झाली कोयत्यावर जातायत. दिवाळी झाली की सांगलीकडं, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परत. मी आता दर महिन्याला पैसे पाठवतो, डोक्यावर कर्ज नाही, तरी यंदाही बापानं मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलीच. पहाटे चारला उठून थंडीत ओल्या पाचटात तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरा, रात्री कोपीत, म्हणजे झोपडीत झोपा. आईची कंबर गेलीय. चिडून विचारलं की मिळतं काय यातून, तर बाप गप्प. खरंच सांगा, का राबतात लोक एवढं?

केजची लेक:
दादा, आधी हिशोब बघ. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर २७३ वरून ३६६ रुपये टन झाला. नवरा-बायकोची जोडी दिवसाला दोन टन तोडते धरलं तर ७३२ रुपये, तेही दोघांचे मिळून. पण कोरडवाहू घराला एकदम लाखभर रुपये हातात दुसरं कोण देतं सांग? बोअर, लग्न, दवाखाना सगळं उचलीवरच होतं आमच्याकडं. नंतरचे पाच महिने ते फेडण्यातच जातात, वरखर्चाला वाढं, म्हणजे उसाचे शेंडे चाऱ्याला विकायचे. मी हंगामी वसतिगृहात राहून शिकले, आज नर्स आहे. आईला काय मिळालं म्हणशील तर मी मिळाले, पण तिचे गुडघे गेले ते गेलेच.

पाटोदेकर:
ताईचं पटतं, पण कष्टाचं नुसतं कौतुक करू नका राव. खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून बाया आजारपण अंगावर काढतात. बीडमध्ये २०१९ ला शासनाच्या समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली तर १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कष्ट कमी पडले म्हणून गरिबी आहे का ही? घामाला भावच नाही. आणि दादा, बापाला रागानं विचारू नको, पोराकडं हात पसरायचा नाही एवढंच असेल त्यांच्या मनात. माझ्या बापाचं तेच होतं.

प्रश्न विचारणारा:
काल आईला फोन केला, शांतपणे विचारलं. म्हणली, तुझ्या पैशातलं आम्ही काही मोडलं नाही, ते तुझ्या घरासाठी बाजूला ठेवलंय, उचल बहिणीच्या लग्नाला घेतली. मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन मिनिटं बोलता आलं नाही मला. मुकादमाला गाठून उचल परत घ्यायला लावता येईल का? कुणी केलंय का असं?

केजची लेक:
त्यांना न्यायला ट्रॅक्टर यायच्या आधी मुकादमाकडं जा, आणि दिलेल्या पैशाची लेखी पावती घे. सोबत ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगार ओळखपत्राचंही विचार, आईचं वेगळं काढ, बापाच्या नावावर भागवू नको.