मदत हवी आहे: अपडेटनंतर फ्लॉपी वाचता येत नाहीत

यूएसबीचा साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह गेल्या आठवड्यापर्यंत नीट चालत होता. संगणकाचं अपडेट झालं आणि आता १.४४ एमबीची कुठलीही फ्लॉपी घातली की 'डिस्क फॉरमॅट करा' एवढंच येतं. फॉरमॅट केलेलं नाही, करणारही नाही. घरी पहिला संगणक आला तेव्हा, १९९४-९५ मध्ये, बेसिक या संगणकभाषेत लिहिलेले माझे प्रोग्राम या फ्लॉपींत आहेत. दुसरी प्रत नाही.

पोर्ट बदलून पाहिला, हब काढून थेट जोडला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ड्राइव्हची ती ओळखीची घरघर ऐकू येते, पण फाइली दिसत नाहीत. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर याच ड्राइव्हने चार फ्लॉपी व्यवस्थित उतरवल्या, म्हणजे ड्राइव्ह शाबूत आहे. तो लॅपटॉप आता परत गेला आणि तीसेक फ्लॉपी उरल्यात. सगळ्यांच्या लेखनबंदीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही.

आता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण इमेज (अख्ख्या चकतीची हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल) घ्यायचा विचार आहे. फ्लॉपी इतक्या जुन्या, की काही सेक्टर (चकतीवरचे माहितीचे छोटे कप्पे) खराब निघणारच. अशा वेळी लिनक्समधली नक्कल करणारी साधी डीडी कमांड पुरेल, की खराब जागा बाजूला ठेवून आधी बाकीचं वाचणारं डीडीरेस्क्यूच सुरुवातीपासून वापरावं? आणि खराब जागी ड्राइव्हने वारंवार प्रयत्न केल्याने चकती आणखी घासली जाते का?